आधी डोळा, मग भिंग

आमच्या घरातील जुन्या लाकडी कपाटात वडिलांचा अग्फा क्लिक कॅमेरा ठेवलेला आहे. त्याचा चामडी पट्टा केव्हाच तुटला. एका रोलमध्ये बारा छायाचित्रे निघत. ऊन असेल तर एका खुणेवर आणि ढग असतील तर दुसऱ्या खुणेवर कळ सरकवायची, एवढेच त्याचे शास्त्र. त्याच कपाटाच्या खालच्या खणात माझा संसार आहे : दोन कॅमेरे, चार भिंगे, तिपाई, फ्लॅश आणि हे सारे वाहून नेण्यासाठी घेतलेली पिशवी. वरच्या खणापेक्षा खालच्या खणाची किंमत कितीतरी पटींनी अधिक आहे. परंतु घरी पाहुणे आले की अल्बममधून जे छायाचित्र बाहेर निघते ते वरच्या खणातील कॅमेऱ्याचे असते.

त्या छायाचित्रात लाल लुगडे नेसलेली आजी विहिरीच्या थारोळ्यापाशी बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत आहे. मागे रहाट आहे, केळीची पाने आहेत. छायाचित्र कृष्णधवल असल्यामुळे लुगड्याचा लाल रंग त्यात उमटलेला नाही. तरी घरातल्या प्रत्येकाला तो दिसतो.

सोपाऱ्याची ती वाडी आपणही टिपावी असे मला अनेक वर्षे वाटत होते. पण विहीर, रहाट आणि मागची झाडे माझ्या भिंगाच्या चौकटीत एकत्र मावत नसत. रुंद दृष्टिक्षेपाचे भिंग घेतल्याशिवाय हे काम होणार नाही, असे मी मनाशी ठरवले आणि दोन वर्षे पैसे साठवले. भिंग घरी आले तेव्हा विहीर बुजली होती आणि वाडीच्या जागी इमारतीचा पाया खणला गेला होता. मी त्या पायाचे छायाचित्र काढले. लोखंडी सळया अत्यंत स्पष्ट आल्या.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. साधनांचा सोस हा केवळ हौशी माणसाचा दुबळेपणा आहे, की त्यात काही नैतिक चूकही आहे?

साधनांना तुच्छ लेखणे सोपे आहे, पण ते खरे नाही. रानातला पक्षी दुरून टिपायचा तर लांब पल्ल्याचे भिंग हवेच. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साच्या वेळी मेणबत्तीच्या उजेडात उजळलेले चेहरे वडिलांच्या अग्फा क्लिकला कधीच टिपता आले नसते. ज्याचे पोट लग्नाच्या छायाचित्रांवर चालते, त्याने चांगला कॅमेरा घेण्यासाठी कर्ज काढले तर त्याला बोल लावणारे आपण कोण? शिवाय बारा छायाचित्रांचा तो काळ सर्वांसाठी सुखाचा नव्हता. रोल धुण्याचा खर्च न परवडल्यामुळे कित्येक घरांत आजीआजोबांचा एकही चेहरा उरलेला नाही. तेव्हा अभावाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.

मग चूक नेमकी कोठे होते? याचे उत्तर मला दादासाहेब फाळके यांच्या चरित्रात सापडले. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या या माणसाने छायाचित्रणाचा व्यवसायही केला होता. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक चित्रपट पाहिला. तो पाहत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण यांची चरित्रे उभी राहू लागली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. आपल्या प्रभूचे चरित्र पाहून एका हिंदू कलावंताला स्वतःच्या मातीतील चित्रे दिसावीत, ही गोष्ट आपण आवर्जून ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

फाळके साधनांच्या बाबतीत मुळीच उदासीन नव्हते. १९१२ साली ते लंडनला गेले आणि तेथून विल्यम्सन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र मागवले. घरच्यांना आणि मित्रांना हे वेड वाटले. भांडवल देणाऱ्यांना विश्वास वाटावा म्हणून त्यांनी काय दाखवले? कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, समोर कॅमेरा ठेवला आणि रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली. बीजातून वेल उगवताना काही क्षणांत दिसे. नव्या यंत्राचा पहिला पराक्रम म्हणजे कुंडीतला वाटाणा! पुढे सरस्वतीबाईंनी घरातील माणसांचा स्वयंपाक सांभाळून फिल्मला भोके पाडण्याचे कामही केले आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

येथे क्रम पाहण्यासारखा आहे. फाळके यांना चित्र आधी दिसले. कॅमेऱ्याची गरज त्यातून निर्माण झाली. माझ्या हातून हा क्रम उलटा झाला होता. मी भिंग आधी मागत होतो आणि ते आले की चित्र दिसेल, अशी वाट पाहत होतो. साधन घ्यावे की न घ्यावे, याची कसोटी म्हणूनच किमतीत नाही. समोरच्या चित्राने साधन मागितले, की साधनाने आपल्याला चित्र शोधायला धाडले, एवढाच प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा.

त्या प्रामाणिकपणाच्या आड काय येते? पूर्वी मला वाटे, हाव. आता वाटते, भीती. छायाचित्र काढण्यात अपयशाची शक्यता असते, खरेदीत ती नसते. दुकानातून खोके घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला आपण कलेसाठी काहीतरी केले असे समाधान मिळते आणि तरीही त्याच्या नजरेची परीक्षा झालेली नसते. वाडीत जाऊन, विहीर चौकटीत मावत नाही हे स्वीकारून, केवळ थारोळ्याचे किंवा रहाटाच्या एका पोहऱ्याचे चित्र काढले असते तर ते कदाचित फसले असते. भिंगाच्या प्रतीक्षेने मला त्या फसण्यापासून वाचवले. पण त्या वाचण्याची किंमत वाडीने मोजली. नैतिक प्रश्न आहे तो येथे. आपण जे पाहण्याचे टाळतो ते आपल्यासाठी थांबून राहत नाही.

पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावलेला जोसेफ सुदेक हा चेक छायाचित्रकार प्राग शहरातील आपल्या लहानशा कार्यशाळेच्या खिडकीचीच छायाचित्रे वर्षानुवर्षे काढत राहिला. काचेवरचे दव, बाहेरचे वाकडे झाड, कधी बर्फ. जग बदलण्याची वाट न पाहता त्याने पाहणे खोल केले.

आपल्या नालासोपाऱ्यातही याचा दाखला आहे. ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत, ते टेकाड पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणले, तेव्हा आत प्राचीन बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या पोटात एक मोठी दगडी पेटी. पेटीत एकात एक ठेवलेले करंडक होते. अगदी आतला सोन्याचा. टेकाड रोज पाहणारे आंधळे नव्हते. पण येथे काहीतरी असेल या विश्वासाने थांबून पाहणारा माणूस एखादाच निघतो.

म्हणून आता मी स्वतःला एक नियम घातला आहे. महिनाभर एकच कॅमेरा, एकच भिंग आणि घरापासून चालत जाता येईल अशी एकच जागा. कधी चक्रेश्वर तलावाचा काठ, कधी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांची रांग. पहिल्या आठवड्यात सारे संपल्यासारखे वाटते. दुसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो. तिसऱ्या आठवड्यात उजेड कोठून येतो आणि कोणाच्या चेहऱ्यावर किती वेळ थांबतो, हे हळूहळू कळू लागते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांनाही हा नियम तितकाच लागू आहे.

ज्या वाडीची गोष्ट मी सांगितली, तिच्या मालकीणबाई आता त्याच जागेवरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. परवा सहज भेटायला गेलो तर त्या सज्जात बसून कुंडीतल्या मोगऱ्याच्या चार कळ्या खुडत होत्या. संध्याकाळचा उजेड गजांमधून त्यांच्या हातांवर पडला होता. माझी पिशवी घरी राहिली होती. मी खिशातला मोबाइल काढला.

“आज मोठा कॅमेरा नाही आणलास?” मावशींनी विचारले.

“नाही मावशी. तुम्ही कळ्या खुडा,” मी म्हणालो.

ते छायाचित्र मी छापून घेतले आणि अल्बममध्ये आजीच्या छायाचित्राशेजारी लावले. विहीर त्यात नाही, रहाट नाही. हात मात्र त्याच कामात गुंतलेले आहेत.