आधी बाही वर करा

(एप्रिल 2021, ऑनलाइन तास)

कॅमेरे सुरू करा. सगळ्यांचे. पानिपतचा धडा आज राहू दे.

एनएसएसच्या रक्तदात्यांच्या यादीत साठ नावं आहेत. काल रक्तपेढीची गाडी आपल्या फाटकात चार तास उभी होती. आले किती? चार. त्यातले एक आपले शिपाईमामा, ज्यांचं नाव यादीत नाहीच.

"सर, कोरोना होईल." वर्षभर हेच ऐकतोय. अरे, हा आजार रक्त दिल्याने होत नाही. आणि गर्दीची धास्ती असेल, तर शनिवारी केक कुठे कापला त्याचे स्टेटस मीही पाहतो.

दुसरा महाभाग ग्रुपवर लिहितो, "ऑपरेशनं बंद आहेत, रक्त लागतं कुणाला?" ठरलेली ऑपरेशनं पुढे ढकललीत, खरंय. गुडघा थांबेल. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबतो? थॅलेसेमियाच्या पोराला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्याला काय सांगू, लॉकडाऊन उठल्यावर ये? आणि रक्त म्हणजे लोणचं नव्हे, बरणीत भरून वर्षभर पुरवायला. तांबड्या पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाचच दिवस. सोमवारच्या पिशवीतल्या प्लेटलेट्स रविवारी केमो चाललेल्या पेशंटच्या कामाच्या नाहीत.

मे महिन्यात टंचाई दरवर्षीच असते, कारण तुम्ही गावी जाता. यंदा तर कॉलेजं बंद, ऑफिसं घरात. शिबिरं भरणार कुठे?

आता नीट ऐका. 1 मेपासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना लस खुली होतेय. घ्याच. पण नियम वाचलात? सध्याच्या, 2021च्या नियमाने शेवटच्या डोसनंतर 28 दिवस होईपर्यंत रक्त देता येत नाही. कोविशील्डचा दुसरा डोस सहा ते आठ आठवड्यांनी, त्यानंतर हे 28 दिवस. अख्खा वर्ग एकाच आठवड्यात टोचून आला, तर मेमध्ये रक्तपेढीने हात कुणापुढे पसरायचे?

आणि ते "कोरोना पेशंटला प्लाझ्मा हवाय"चे फॉरवर्ड! आयसीएमआरने 39 रुग्णालयांत 464 कोरोना रुग्णांवर प्लाझ्माची चाचणी केली. त्यात मृत्यूही कमी झाले नाहीत, आजार बळावणंही थांबलं नाही. नातेवाईक धावतात, त्यांना मी बोलणार नाही. तुम्ही मात्र दिवसाला दहा मेसेज पुढे ढकलता आणि स्वतःचा दंड शर्टात झाकून बसता. गेल्या गणपतीत लालबागचा राजा मंडळाने मूर्ती न बसवता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचं शिबिर घेतलं, तेव्हाही तुम्ही हात जोडल्याची इमोजीच टाकली होती.

वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 हवं. मुलींनो, कमी भरलं तर लाजू नका, औषध घ्या.

गाडी उद्या सकाळी 9 वाजता परत येतेय. मीच विनवण्या करून बोलावलीय. पोहे खाऊन या, उपाशीपोटी नको. हजेरी मी फाटकात घेईन, रोल नंबर एकपासून.