मुलांकडे कायमचे राहायला जाताना

स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, आलिकांतेच्या परिसरात, निवृत्त ब्रिटिशांच्या वसाहतीच वसल्या आहेत. ही माणसे तिथे गेली ती उन्हासाठी आणि स्वस्ताईसाठी, आणि गाव स्वतः पाहून, पसंत करून गेली. आपल्याकडचा निवृत्त माणूस मुलाकडे जातो, मुलीकडे जातो. मुलगा डॅलसला असेल तर डॅलस, लेक सिअॅटलला असेल तर सिअॅटल. त्या गावात आपला दिवस कसा जाईल, हे घरात कोणी कोणाला विचारत नाही. एवढे प्रेमाने बोलावले असताना असे विचारणे बरे दिसत नाही, असे दोन्हीकडे वाटते. उतारवयात परक्या देशात रुजणे मात्र मला या न विचारलेल्या प्रश्नावरच सर्वांत जास्त अवलंबून असलेले दिसते.

अमेरिकेतली बहुतेक उपनगरे मोटारीसाठी वसवलेली आहेत. दुधाला मोटार, औषधाला मोटार, देवळात जायलाही मोटार. कित्येक रस्त्यांना पदपथ नाहीत. कोथरूडला किंवा डोंबिवलीला जो माणूस सकाळी फिरून येताना भाजी घेतो, बँकेत पासबुक भरून आणतो, वाटेत दोघा-तिघांशी बोलतो, त्याचे हे सगळे एका विमानप्रवासात सुटते. चाळीस वर्षे घर चालवलेल्या माणसाला चपलांचा जोड आणायचा तर शनिवारपर्यंत थांबावे लागते. ‘मला जरा सोडशील का?’ हे सुरुवातीला सहज विचारले जाते. मुलगा दमून आलेला दिसतो, सून लॅपटॉप मिटत नाही, मग विचारणेच कमी होत जाते. मुलांच्या मनात काहीही नसते, तरी आई-वडील आपल्या गरजा आखडत्या घेतात. जेवणात, कपड्यांत, भाषेत तडजोड करायला आपली पिढी कचरत नाही. आपल्या पायांनी, आपल्या मनाने बाहेर पडता न येणे तिला सोसत नाही.

बायकांचे थोडे वेगळे. त्यांना स्वयंपाकघर असते, नातवंडे असतात, म्हणून त्या लवकर रमल्या असे आपण म्हणतो. खरे तर त्यांची निवृत्ती कधी सुरूच झालेली नसते. आणि ते स्वयंपाकघर सुनेचे किंवा लेकीचे असते. फोडणीचा वास घरभर जाऊ नये, धुराची घंटा वाजू नये, हे सांभाळत स्वयंपाक करायचा. नातवंडे शाळेत जाऊ लागली की इंग्रजीत उत्तर देऊ लागतात. पाच वर्षे ज्याला मांडीवर खेळवले, त्याचे बोलणे निम्मेच कळते. हे दुःख आजी कोणाला बोलून दाखवत नाही.

कायद्याची बाजू तर माहिती असूनही आपण मनावर घेत नाही. मुलगा अमेरिकेचा नागरिक असेल तर आई-वडिलांच्या ग्रीन कार्डाला संख्येची मर्यादा नाही, पण ते कार्ड तिथेच कायम राहणाऱ्यासाठी आहे. ‘सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे’ ही आपली आवडती योजना त्यात नीट बसत नाही. पुनर्प्रवेशाचा परवाना न घेता वर्षाहून अधिक काळ भारतात राहिले तर कार्डच धोक्यात येते. तिथे नोकरी न केलेल्याला पासष्टीनंतरही, सलग पाच वर्षांच्या वास्तव्याआधी, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा विकत घेता येत नाही. आणि मेडिकेअर मिळाल्यावरही भारतात घेतलेल्या उपचारांचे पैसे, मोजके अपवाद सोडले तर, ते देत नाही. पर्यटक व्हिसावर गेले तर विमा काढता येतो, पण मधुमेह, रक्तदाब अशा आधीपासूनच्या आजारांना तो बहुधा वगळतो. म्हणजे ज्या आजाराची भीती, त्याचेच संरक्षण नाही. आई-वडिलांना बोलावण्यासाठी असलेल्या कॅनडाच्या सुपर व्हिसावर 2022 पासून एका खेपेला 5 वर्षांपर्यंत राहता येते, मात्र किमान 1 लाख कॅनडियन डॉलरचा आरोग्यविमा त्यासाठी सक्तीचा आहे. शिवाय भारतातली बचत खाती अनिवासी म्हणजे एनआरओ करावी लागतात, पेन्शनसाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो. यातले काहीच अशक्य नाही, पण हे सारे मुलाच्या फोनवरून, मुलाच्या सवडीने होते.

तिथे आनंदाने म्हातारी झालेली मराठी माणसेही पुष्कळ आहेत. 1965 च्या कायद्याने अमेरिकेची दारे उघडल्यावर गेलेले इंजिनियर आणि डॉक्टर आज ऐंशीच्या घरात आहेत. तिथल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 मध्ये स्थापन झाले. त्याचा ज्येष्ठांसाठी ‘उत्तररंग’ हा उपक्रम आहे. पण त्या इंजिनियर-डॉक्टरांनी तरुणपणी तिथे गाडी चालवली, घरे घेतली, शेजार जोडला. त्यांच्याकडे पाहून सत्तरीत जाणाऱ्याने आपला अंदाज बांधू नये.

सत्तरीत जाऊनही जे रुजलेले मी पाहिले, त्यांच्या घरापासून चालत जाण्याजोगे एखादे सार्वजनिक वाचनालय होते किंवा बसचा थांबा होता. अमेरिकेतली ही वाचनालये रहिवाशांना फुकट असतात. अनेक ठिकाणी इंग्रजी संभाषणाचे वर्ग भरतात, आणि तिथे चिनी, कोरियन, मेक्सिकन आजी-आजोबा भेटतात. मोडक्या इंग्रजीत त्यांच्याशी झालेली मैत्री ही नव्या देशात आपण स्वतः मिळवलेली पहिली गोष्ट असते. ती मुलाच्या ओळखीतून आलेली नसते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. न्यू जर्सीत एडिसनसारख्या भागात राहणाऱ्यांना भारतीय दुकाने आणि आपली माणसे तरी जवळ मिळतात. मोठ्या अंगणाच्या एकाकी घरात राहणाऱ्यांना तेही नाही.

म्हणून परदेशातल्या मुलांना माझी विनंती आहे की आई-वडिलांना कायमचे बोलावणार असाल तर शाळा पाहता तसे पदपथ, बस आणि वाचनालय पाहून घर घ्या. आणि जाणाऱ्यांना सांगेन की पुण्या-मुंबईचा फ्लॅट विकण्याआधी तिथे एक संपूर्ण हिवाळा काढा. तोही सुट्टीतला नको. नोव्हेंबर ते मार्च राहा, मुले कामावर आणि नातवंडे शाळेत असताना राहा. तोवर इथली किल्ली शेजाऱ्यांकडे राहू द्या.