मागच्या रांगेला दिसावं म्हणून

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव निघालं की पाठोपाठ एक गोष्ट येतेच. दिवस भरलेल्या विठाबाई तमाशाच्या बोर्डावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि उरलेला खेळ करायला पुन्हा उभ्या राहिल्या. सांगणाऱ्याचा आवाज इथे जड होतो, ऐकणारा हळहळतो. जुन्नर-आंबेगावात ही गोष्ट न ऐकलेला माणूस विरळा. पण त्या बाई नेसायच्या काय, कशा नेसायच्या, अंबाडा कसा घालायच्या, दागिन्यांत काय ठेवायच्या आणि काय टाळायच्या, हे कोणी आपणहून सांगत नाही. कुणाला विचारलं, तर हा कसला उथळ प्रश्न, अशा नजरेने बघतात.

मला तो उथळ वाटत नाही. तमासगीर बाईच्या दुःखाला आपण चटकन हात जोडतो. तिच्या नटण्याचं कौतुक करायची वेळ आली की मात्र आपण इकडेतिकडे बघायला लागतो. विठाबाईंना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपती पदक मिळालं. 15 जानेवारी 2002 रोजी त्या गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल देणगीदारांनी भरलं. 2006 पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. एवढा हिशेब सगळ्यांना पाठ आहे आणि या हिशेबात त्यांची हलाखी पुरेपूर आली आहे. डौलाचा रकाना तेवढा कोरा आहे.

गुढीपाडव्याच्या सुमारास विठाबाईंच्या नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, चहा होतो, घासाघीस होते, सुपारी ठरते. ही बाजू सगळे बघतात. नाचणाऱ्या बाईची तयारी बघण्यासारखी असते, ती सहसा कोणी बघत नाही. आधी नडगीवर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळायची, कारण चाळाचं पितळ नुसत्या कातडीवर बांधलं तर ती सोलून निघते. मग त्यावर चाळाचे पदर एकावर एक चढवायचे. लुगडं नेसताना कासोटा असा ओढायचा की गिरकी घेतली, मांडी घालून बसलं, झटक्यात उठलं तरी तो सुटता कामा नये. ओच्याच्या निऱ्या दिसायला सैल हव्यात, प्रत्यक्षात जागच्या हलता कामा नयेत. पदर दोन हातांनी डोक्यावर ताणला की पाठीमागे जरीची चौकट उभी राहिली पाहिजे. यातलं काहीही आपोआप होत नाही. प्रत्येक टाचणीमागे पुढच्या खेळाचा विचार असतो.

या वेषाला आपण ‘भडक’ म्हणून मोकळे होतो. पण तो कुठे दिसायचा, हे लक्षात घ्या. जत्रेतला तमाशा उघड्या माळावर व्हायचा. उजेड गॅसबत्त्यांचा. मागच्या रांगेत माणूस झाडाला टेकून किंवा बैलगाडीच्या साटीवर बसलेला. त्याला नर्तकीचे डोळे दिसत नाहीत, ओठांची मुरड तर नाहीच. त्याला दिसतो काठ, टिकलीची चमक, गजऱ्याचा पांढरा ठिपका. म्हणजे रुंद जर आणि ठसठशीत रंग हे त्या माणसाशी बोलण्याचं साधन होतं. दिवाणखान्यात जो रंग डोळ्यांत खुपतो, तोच त्या माळावर जेमतेम पुरायचा.

गंमत अशी, की भडकपणाचं आपल्या भागाला मुळीच वावडं नाही. बैलगाडा शर्यतीच्या दिवशी घाटात या. शिंगं रंगवलेली, गळ्यात गोंडे, गुलालाने माखलेली माणसं. बैल दृष्ट लागेल असा सजवला की मालकाची छाती फुगते. त्याच यात्रेत रात्री बोर्डावर उभ्या राहिलेल्या बाईची सजावट मात्र त्याच मालकाला जरा जास्तच वाटते. वाटतं, म्हणून तो उठून जातो असंही नाही.

आंद्रे लिऑन टॅली यांच्याबद्दल वाचताना मला नारायणगावच आठवत होतं. टॅली हे ‘व्होग’ या अमेरिकी फॅशन मासिकाच्या संपादकांपैकी एक. साडेसहा फूट उंच, अंगावर पायघोळ झगे आणि केप, बोलणंही तसंच नाटकी. वाढले अमेरिकेच्या दक्षिणेतल्या डरहॅम गावात, आजीजवळ. आजी ड्यूक विद्यापीठातली वसतिगृहं झाडायची-पुसायची. रविवारी मात्र चर्चला जाताना तिची टोपी, हातमोजे, सगळं नेटकं असायचं. त्याच विद्यापीठाच्या आवारातून हा काळा मुलगा ‘व्होग’चा अंक आणायला जायचा आणि गोरे विद्यार्थी त्याला दगड मारायचे, असं त्यांनी पुढे सांगितलं. 1988 मध्ये ते त्याच मासिकाचे क्रिएटिव्ह डायरेक्टर झाले. त्या खुर्चीवर बसलेले पहिले कृष्णवर्णीय. जो लपून राहिला असता तर सगळ्यांची सोय झाली असती, तो माणूस लांबून दिसेल असे कपडे घालून पहिल्या रांगेत जाऊन बसला. मला त्यांच्या झग्यांपेक्षा हा निश्चय जास्त आवडतो, आणि तो झग्यांवाचून दिसला नसता हेही तितकंच खरं.

आपल्याकडे कपड्यांतलं राजकारण टॅलींच्या कितीतरी आधी ओळखलं गेलं. 1927 मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांना सांगितलं की जात ओळखू येईल असे दागिने आणि नेसण्याची रीत सोडा, इतर स्त्रियांसारखं पायघोळ नेसा. ते स्वतः सुटाबुटात वावरले. हा मार्ग बरोबरीचा. विठाबाईंचा मार्ग दुसरा. त्यांचे वडील भाऊ मांग आणि चुलते बापू मांग यांच्या फडाच्या नावातच ‘मांग’ हे जातीचं नाव होतं, तेच नाव त्यांनी मिरवलं आणि त्या नावाखाली नखशिखान्त नटून उभ्या राहिल्या. या दोन मार्गांत डावं-उजवं करायचं मला कारण दिसत नाही. पण फडातलं ते नटणं स्वखुशीचं होतं की पोटासाठीचं, हा प्रश्न टाळूनही चालणार नाही. दौलतजादा करणाऱ्यांच्या नजरा, बायकांची होणारी पिळवणूक, हे सगळं त्या झगमगाटाला लागूनच होतं. मला वाटतं, दोन्ही एकाच लुगड्यात होतं. पोट भरायचं म्हणून नेसायला लागलं असेल. कासोटा किती ताठ आणि मान किती वर, हे मात्र तिचं तिने ठरवलं.

याच मातीत बालगंधर्वांचं काय झालं, तेही बघू. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस. स्त्रीभूमिकांसाठी त्यांनी रंगमंचावर भरजरी शालू नेसले, अत्तरांवर आणि दागिन्यांवर कर्ज होईस्तोवर पैसा ओतला. पांढरपेशा घरांतल्या बायका त्यांच्यासारखं नेसायला, गजरा माळायला शिकल्या. त्याला आपण अभिरुची म्हटलं, आजही म्हणतो. ब्राह्मण पुरुषाने बाईचा वेष केला, ती कला झाली. मांग बाईने बाईचा वेष केला, तो बाजार.

आता काळ पालटलाय म्हणतात. शिवलेल्या नऊवारीच्या दुकानात पेशवाई, मस्तानी, ब्राह्मणी अशा प्रकारांच्या शेजारी ‘लावणी’ नावाचाही एक प्रकार टांगलेला असतो. शाळेच्या गॅदरिंगला तो भाड्याने आणतात, सहा-सात वर्षांच्या पोरीला घालतात, मोबाइलवर शूटिंग होतं, आजीसुद्धा टाळ्या वाजवते. वेष बोर्डावरून घरात आला. नेसणारी अजून बाहेरच आहे. विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे यांनी आयुष्यभर फड चालवला, पण या टाळ्या वाजवणाऱ्या घरांतल्या किती बायका कधी त्यांचा खेळ बघायला माळावर जाऊन बसल्या असतील?

टॅली 2022 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी क्रिस्टीजने त्यांच्या वस्तूंचा लिलाव केला. झगे, ट्रंका, सगळं छापील यादी करून. आमच्याकडे फडातलं लुगडं विरेपर्यंत नेसलं जातं आणि जर निघाली की ती मोडीत जाते. विठाबाईंच्या नावाच्या पुरस्काराच्या समारंभात पुन्हा त्या दगडाची आणि नाळेची गोष्ट सांगतील, तेव्हा व्यासपीठावरच्या एखाद्याने त्या बाईंच्या शालूचा रंगही विचारून ठेवावा. तो सांगू शकतील अशी माणसं अजून नारायणगावात भेटतील.