पशुवैद्याचें ऋण

जो हात दुखणें बरें करण्याकरितां शिकला, त्याच हातानें निरोगी प्राण्याच्या अंगीं मुद्दाम रोग घालावा, हें योग्य कीं अयोग्य? पशुवैद्यकाची पदवी घेऊन जो विद्यार्थी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजंतुशास्त्र किंवा औषधशास्त्र यांच्या उच्च अभ्यासाकडे वळतो, त्याच्यापुढें हा प्रश्न उभा राहतो. मनुष्याच्या वैद्यास तो या स्वरूपांत पडत नाहीं. कारण त्याचा रोगी 'नको' म्हणूं शकतो. येथें रोगी मुका आहे.

या प्रश्नास एक ठराविक उत्तर मिळतें: थोड्या जनावरांच्या दुःखानें पुष्कळ जनावरें वांचतात. बुळकांडीचा इतिहास या उत्तराच्या बाजूचा मोठा साक्षीदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या रोगानें आफ्रिकेंतील गुरांचे कळपच्या कळप नाहींसे केले, व मागोमाग माणसांवर दुष्काळ आला. आपल्याकडे गुरांच्या सांथींच्या अभ्यासासाठीं १८८९ सालीं पुण्यास सरकारी प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ मध्यें हिमालयांत मुक्तेश्वर येथें गेली. तेथें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं बुळकांडीचा विषाणु एका शेळींतून दुसरींत असा वारंवार नेऊन गाईबैलांना सोसेल इतका सौम्य केला. त्या लसीनें असंख्य गुरें वांचलीं. पुढें आणखी चांगल्या लसी निघाल्या, आणि २०११ सालीं हा रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

फळ इतकें मोठें असतां आक्षेप घेणें कृतघ्नपणाचें वाटेल. तरी त्या उत्तरांतील एक शब्द तपासून पाहावा. 'जनावरें' ही एक जात आपण कल्पिली आहे. शेळी मेली, गाय वांचली. शेळीला त्यांतून कांहीं मिळालें नाहीं. पशूंच्याच हितासाठीं पशूंवर प्रयोग, हें वाक्य ऐकावयास गोड आहे. पण हा हिशेब मांडणारा गोठ्याचा धनी, म्हणजे मनुष्यच होय.

मग प्रयोग बंद करावे काय? तसेंही म्हणतां येत नाहीं. हात आखडून बसणें हीही एक कृतीच आहे. तिचीं फळें सांथींत मरणाऱ्या गुरांना व त्यांच्यावर पोट असणाऱ्या शेतकऱ्याला भोगावीं लागतात. माझें म्हणणें इतकेंच, कीं फळ मोठें म्हणून हक्क उत्पन्न होत नाहीं. ऋण उत्पन्न होतें. हक्क मानणारा मागें वळून पाहत नाहीं; ऋणको मात्र पुढल्या खेपेस कमी घेऊन भागेल काय, याचा विचार करतो.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. केनियांतील मुगुगा येथें प्लोराइट यांनीं पुढें हाच रोगविषाणु कांचेच्या भांड्यांत, वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढविला. लस अधिक निर्धोक झाली, आणि ती करण्यासाठीं जिवंत शेळीच्या अंगीं रोग घालण्याची गरज उरली नाहीं. यामागें करुणा होती असा माझा दावा नाहीं. परंतु कमी घेऊन अधिक देतां येतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

आपल्या १९६० च्या प्राणिक्रौर्यप्रतिबंधक कायद्यानेंही, पुस्तकें व प्रतिकृति यांनीं काम भागत असेल तेथें शिक्षणांतील प्रयोग टाळावे असें सांगितलें आहे. पण कायदा फार तर परवानगी देईल. ऋण फेडणार नाहीं. विद्यार्थ्याचा हात सरावानें स्थिर व्हावा, मन मात्र निर्ढावूं नये. प्रबंधांत मेलेल्या प्राण्यांचा आंकडा लिहितांना, यांतला एक तरी वांचवितां आला असता काय, हें परीक्षक विचारो वा न विचारो, त्यानें स्वतःस विचारलें पाहिजे.