काच पुसावी ती कोणासाठी?

मोटारगाडीला म्हातारपण आले, की ती आपले वय प्रथम इंजिनाने सांगत नाही. इंजिनाकडे मालकाचे लक्ष असते. त्याचे तेल वेळेवर बदलले जाते, त्याचा आवाज कान देऊन ऐकला जातो. वय कळते ते काचांवरून. दाराची काच खाली गेली म्हणजे वर येताना कुरकुरू लागते, आणि पुढच्या काचेवर फिरणारा वायपर निम्म्या वाटेत अडखळतो. दोन्ही दोष दिसायला क्षुल्लक. परंतु हाती पैसे एकाच दुरुस्तीपुरते असले, तर आधी काय दुरुस्त करावे, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. आमच्या मते तो यंत्रशास्त्राच्या हद्दीतून निघून नीतिशास्त्राच्या हद्दीत शिरतो, आणि म्हणूनच या पानांवर त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत आणि बदलीच्या चक्रात सध्या शिलाँगला आहोत. डोंगरातले रस्ते आणि घरातली पाच माणसे यांचा मेळ बसावा म्हणून एक वापरलेली, उंच बांध्याची एस.यू.व्ही. आम्ही घेतली. तिचे वय आज सोळा वर्षे. ती कोणत्या कारखान्यात जन्मली हे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण सोळाव्या वर्षी सर्वच गाड्या एका जातीच्या होतात. यंदा मे महिन्याच्या अखेरीस तिच्या मागच्या डाव्या दाराची काच आणि पुढचा वायपर यांनी एकाच आठवड्यात संप पुकारला.

दाराच्या काचेचे दुखणे समजण्यासारखे असते. दाराच्या पोकळीत विजेची एक लहान मोटर बसवलेली असते. ती एक तार ओढते आणि त्या तारेला जोडलेली काच दोन उभ्या खाचांतून वरखाली सरकते. या खाचांतले रबर उन्हाने आणि धुळीने कडक होते. मग काच घासू लागते, मोटरीवर ताण पडतो, तारेला आधार देणारी प्लॅस्टिकची चाके झिजतात, आणि एके दिवशी खट्‌कन आवाज होऊन काच दाराच्या पोटात उतरते. आधी कित्येक महिने ती कुरकुरत असते. तिचे दुखणे बोलके आहे.

वायपरचे दुखणे मात्र मुके आहे. पुढच्या काचेच्या पायथ्याशी त्याची मोटर असते. तिचे गोल फिरणे काही दांड्यांच्या साहाय्याने पात्यांच्या डोलण्यात रूपांतरित होते. दांड्यांच्या सांध्यांत प्लॅस्टिकचे बुश असतात. ते झिजले की दांडी निसटते. आत मोटर घुं घुं करीत फिरत राहते आणि बाहेर पाते जागचे हालत नाही. पात्याच्या रबराची तर तऱ्हाच निराळी. ते न वापरताही बिघडते. सगळा कोरडा हंगाम ते उन्हात तापून कडक होत असते, आणि मुद्दाम हात लावून पाहिल्याखेरीज ते कोणाच्या ध्यानात येत नाही. दाराच्या काचेचा दोष बाराही महिने तक्रार करतो. वायपरचा दोष पावसाची वाट पाहत दबा धरून बसतो.

आता घरातला पक्ष ऐकावा. उघड्या राहिलेल्या काचेशेजारी आमच्या मातोश्री बसतात. त्यांना संधिवात आहे. पावसाचे तुषार आत आले की त्यांचा खांदा भिजतो आणि रात्री तो ठणकतो. सौभाग्यवतींचे म्हणणे असे, की उघड्या काचेची गाडी बाजारात उभी करून जाता येत नाही. मुलांना शाळेत उतरताना इतर मुलांची लाज वाटते. ही सर्व कारणे खरी आहेत, आणि ती मांडणारी माणसे आमची आहेत. वायपरची बाजू मांडायला मात्र घरात कोणीच नव्हते.

कचेरीत पंधरा वर्षांच्या आत-बाहेर नोकरी झालेल्या कोणालाही या न्यायाची ओळख असेल. ज्याचा अर्ज येतो, त्याची फाईल उघडते. ज्याला अर्ज करता येतो, तो स्मरणपत्रही पाठवतो, आणि स्मरणपत्रामागून स्मरणपत्र आले की प्रकरण तातडीचे होते. ज्याला अर्ज करायचा आहे हेच ठाऊक नाही, त्याची फाईल कधी जन्मतच नाही. अन्याय बहुधा दुष्टपणाने होत नसतो. तो फाईल नसण्याने होतो. वायपरचा खरा अर्जदार कोण? तो रस्त्यावर आहे. आपली गाडी आज त्या वळणावरून जाणार आहे, याची त्याला कल्पना नाही.

मेघालयात तो अर्जदार डोळ्यांपुढे उभा करणे अवघड नाही. येथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर चेरापुंजी आहे, जिथे ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या बारा महिन्यांत २६,४६१ मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे. शिलाँगचा पाऊस त्या मानाने कितीतरी कमी, तरी तो ढगांसह रस्त्यावर उतरतो. अशा पावसात खासी शेतकरी स्त्रिया डोक्यावरून पाठीपर्यंत ‘क्नुप’ घेऊन रस्त्याच्या कडेने चालतात. बांबूच्या काड्या आणि पाने यांचे ते कासवाच्या पाठीसारखे आच्छादन प्रथम पाहिले, तेव्हा मातोश्री म्हणाल्या, “अगोबाई, हे तर आपलं इरलं!” त्यांचे माहेर रत्नागिरीकडचे, भातलावणी त्यांनी इरल्याखाली केलेली. वायपर बंद पडला त्या संध्याकाळी घरी बोलणे निघाले, तेव्हा त्याच म्हणाल्या, “अरे, इरल्याखालच्या माणसाला मागचं दिसत नाही, आणि पानांवरच्या पावसात ऐकूही येत नाही. त्यानं बाजूला व्हायचं तरी कसं?”

नीतिशास्त्रावरच्या पुष्कळ ग्रंथांत जे सापडत नाही, ते या वाक्यात आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. काच तीन सेकंद धुरकट राहिली, तर ३३ मीटर रस्ता आपण न पाहता ओलांडलेला असतो. त्या ३३ मीटरांत जो कोणी असेल, त्याच्याजवळ पाहण्याचे, ऐकण्याचे किंवा टाळण्याचे साधन नाही. दोघांपैकी एकालाच दिसण्याची शक्यता असेल, तर दोघांची जबाबदारी त्या एकावर येते.

वायपरचा जन्मही याच पेचातून झाला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या मेरी अँडरसन या बाई १९०२-०३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता, ट्रामचा चालक हिमवर्षावात समोरचे दिसावे म्हणून पुढची काच उघडी ठेवून गाडी हाकतो, असे त्यांनी पाहिले. चालकाला दिसावे तर उतारूंनी गारठावे, आणि उतारूंना ऊब द्यावी तर चालकाने आंधळे व्हावे, असा तो प्रकार होता. आतल्यांचे सुख आणि बाहेरच्यांचे प्राण यांतले एक निवडावे लागू नये, म्हणून त्यांनी आतून दांडा फिरवून काच पुसण्याची युक्ती काढली. १० नोव्हेंबर १९०३ रोजी तिचे पेटंट त्यांना मिळाले. पुढे कॅनडातील एका कंपनीने या कल्पनेला व्यापारी मोल नाही असे कळवून ती नाकारली, आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत बाईंच्या हाती काही पडले नाही. व्यापारी मोल नाही, हे त्या वेळी खरेही असेल. ज्याचे रक्षण होते तो गिऱ्हाईक नसतो, आणि जो गिऱ्हाईक असतो त्याला स्वतःचा गारठा तेवढा कळतो.

यावर कोणी आक्षेप घेईल, की दाराची काच केवळ सुखासाठी असते असे तुम्ही कशावरून म्हणता? आक्षेप योग्य आहे. चालकाच्या बाजूची काच उतरली नाही, तर त्याला हाताने इशारा करता येत नाही. पावसात आतल्या माणसांच्या श्वासाने पुढची काच आतून धुरकटते, तेव्हा बाजूची काच बोटभर उघडून वारा आत घ्यावा लागतो. गाडी पाण्यात सापडली, तर बाजूची काच हाच सुटकेचा मार्ग असतो. म्हणून ‘काच आपली आणि वायपर परक्याचा’ अशी सरळ वाटणी करून चालणार नाही. कोणत्याही दोषाला विचारावयाचे ते इतकेच, की तुझा भार कोण वाहणार? भार आपणच वाहणार असू, तर तो थोडे दिवस सोसण्याचा आपल्याला अधिकार आहे. भार दुसऱ्याच्या माथी जाणार असेल, तर तो सोसण्याची परवानगी देणारे आपण कोण?

आमच्या गॅरेजातील वयस्क मिस्त्रींना, येथील रीतीप्रमाणे, आम्ही ‘बाह’ म्हणतो. हाच प्रश्न त्यांनी मोडक्या हिंदीत एका वाक्यात निकालात काढला. त्यांचे म्हणणे, काचेला पाचर मारता येते, वायपरला मारता येत नाही. त्यांनी काच हाताने वर ओढून लाकडी पाचरीने घट्ट बसवली, वरून जाड प्लॅस्टिक चिकटवले, आणि त्या महिन्याच्या पैशांत वायपरचे बुश व पात्यांचे रबर बदलले. काचेचे काम पुढच्या पगारावर गेले. मातोश्रींनी तो महिना उजवीकडे बसून काढला.

कायदा याबाबत काय सांगतो, हे वाचकांपैकी अनेकांना आमच्याहून अधिक ठाऊक असेल. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०१ वा नियम वायपरचाच आहे. १०० व्या नियमाप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार गेला पाहिजे. सदोष वाहन रस्त्यावर आणणाऱ्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या १९० व्या कलमान्वये दंड आहे. परंतु खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात, धुराचे प्रमाणपत्र सोडले, तर सरकार तिला तपासणीस बोलावीत नाही. आमच्या गाडीची नूतनीकरणाची तपासणी झाली ती हिवाळ्यातल्या एका स्वच्छ सकाळी. पाते त्या दिवशी डोलले असणार, आणि कागदावर ते पुढील पाच वर्षे डोलत राहील. कायदा एक दिवस पाहतो. उरलेले दिवस मालकाच्या सदसद्‌विवेकावर सोपवलेले असतात.

“आजवर काही झाले नाही” हा या बाबतीतला सर्वांत जुना बचाव आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी ‘नैतिक दैव’ या विषयाची चर्चा केली. त्यांपैकी नेगेल यांच्या विवेचनात एक ट्रकचालक येतो. ब्रेक तपासून घेण्यात त्याने हयगय केली आहे, आणि वाटेत एक मूल आडवे येते. मूल आडवे आले नसते, तर तोच चालक, तीच हयगय घेऊन, निर्दोष म्हणून घरी गेला असता. लोक दोघांना वेगळे लेखतात, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु किल्ली फिरवण्याच्या क्षणी दोघांत तसूभरही फरक नव्हता. फळ आपल्या हाती नाही, ही गीतेची शिकवण आपल्याकडे पुष्कळदा हात झटकण्यासाठी वापरली जाते. वस्तुतः तिचा रोख उलटा आहे. फळ हाती नाही, म्हणूनच हाती असलेल्या कर्मात कसूर होता कामा नये. येथे ते कर्म म्हणजे पाऊस येण्यापूर्वी पात्याच्या रबरावरून एकदा बोट फिरवून पाहणे, इतकेच आहे.

शतपथ ब्राह्मणात मनुष्य देव, ऋषी, पितर आणि मनुष्य यांचे ऋण घेऊन जन्मतो असे म्हटले आहे, आणि मनुष्यऋण फिटते ते आश्रय व अन्न देऊन. अतिथी म्हणजे तिथी न ठरवता आलेला. पावसातून काचेसमोर अकस्मात येणारी ती इरलेवाली याहून अधिक खरा अतिथी कोण? तिला आपल्याकडून ना अन्न हवे, ना आसन. आपण तिला पाहावे, एवढाच तिचा मान आहे.

आणि बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आपणा नोकरदारांना हे सांगण्याची फारशी गरज पडू नये. ज्या गावी आपली बदली होते, तेथे आपल्याला नावाने ओळखणारे कोणी नसते. संध्याकाळी कचेरीतून छत्री घेऊन निघालेला मराठी माणूस तेथल्या प्रत्येक गाडीवानाला परकाच असतो. तो रोज सुखरूप घरी पोहोचतो, याचे श्रेय काही अंशी अशा अनोळखी माणसांना आहे, ज्यांनी आपल्या घरच्या निकडीतून चार पैसे बाजूला काढून पावसाळ्याआधी काच पुसण्याची सोय करून ठेवलेली असते. त्यांचे आभार मानायला आपण कधी जात नाही, आणि त्यांचीही तशी अपेक्षा नसते.