किती जहाजे बुडवली?

चेन्नईच्या सांथोम महामंदिरात प्रार्थना करून आमच्या धर्मग्रामातील युवक-युवतींची बस पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे निघाली होती. उजव्या हाताला अधूनमधून बंगालचा उपसागर दिसे आणि पुन्हा ताडांच्या रायांआड लपे. विशाखापट्टणमला पोहोचलो, तेव्हा रामकृष्ण किनाऱ्यावरील ते दृश्य पाहून सारी बस एकदम गप्प झाली. वाळूवर एक आख्खी पाणबुडी उभी होती. तिचे नाव ‘कुरसुरा’.

सोव्हिएत बनावटीची, सुमारे ९१ मीटर लांबीची ही पाणबुडी १८ डिसेंबर १९६९ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली. २००२ साली तिचे संग्रहालय झाले. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाण्यासाठी गोल दारातून अंग चोरून, वाकून जावे लागते. टॉर्पेडोंच्या दालनातच खलाशांच्या झोपण्याच्या फळ्या आहेत. सुमारे पंचाहत्तर माणसे या लोखंडी नळीत दिवसेंदिवस राहत. त्यांना ऊन दिसत नसे, वारा लागत नसे.

आम्हांला माहिती देणारे गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले होते. त्यांना आमच्यातील नववीतल्या एका मुलाने विचारले, “काका, हिने किती जहाजे बुडवली?” ते हसून म्हणाले, “एकही नाही.” १९७१ च्या युद्धात ‘कुरसुरा’ अरबी समुद्रात गस्तीवर होती, परंतु तिच्या हातून एकही जहाज बुडाले नाही. मुलाचा चेहरा उतरला. त्याला मी दोष देत नाही. खरे सांगायचे तर क्षणभर माझाही हिरमोड झाला. पंचवीस वर्षे वेदीवरून शांतीचा संदेश देणाऱ्या माझ्या मनालाही बुडालेल्या जहाजांचा आकडा हवा होता, या जाणिवेने मी ओशाळलो.

बाहेर आल्यावर वाळूत बसून मी मुलांना दुसऱ्या एका पाणबुडीची हकीकत सांगितली. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. ती ‘हंगोर’ आज कराचीच्या सागरी संग्रहालयात उभी आहे. तिथेही शाळकरी मुले जात असतील. तिथेही एखादा मुलगा हाच प्रश्न विचारत असेल आणि त्याला मिळणाऱ्या उत्तरात आपली १९४ माणसे असतील. त्या उत्तराने त्याचा चेहरा खुलला, तर आपल्याला काय वाटेल?

मुले काही बोलली नाहीत. मग मी समोरच्या पाण्याकडे बोट दाखवले. याच किनाऱ्यापासून जवळ, डिसेंबर १९७१ च्या आरंभी, पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी बुडाली. ती आपल्या ‘विक्रांत’च्या शोधात आली होती. ती कशामुळे बुडाली, याविषयी दोन्ही देशांचे म्हणणे वेगवेगळे आहे. परंतु आतील नव्वदाहून अधिक माणसांपैकी एकही वाचला नाही, याविषयी वाद नाही. त्याच रस्त्यावर १९९६ साली उभारलेले विजयस्मारक आहे. तिथे आपण आपल्या वीरांपुढे नतमस्तक होतो, आणि ते योग्यच आहे.

येथे कोणी विचारील, “फादर, मग सैनिकाने लढूच नये काय?” ख्रिस्तसभेने असे कधी म्हटलेले नाही. संत ऑगस्टीनपासून न्याय्य युद्धाचा विचार होत आला आहे. १९६५ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने प्रामाणिकपणे देशसेवा करणाऱ्या सैनिकाला लोकांच्या सुरक्षिततेचा व स्वातंत्र्याचा सेवक मानले. पण सेवकाचे मोल त्याने राखलेल्या जिवांवरून करावे. रात्रभर पहारा देऊन सकाळी एकही गोळी न झाडता घरी परतणारा पहारेकरी अपयशी ठरतो काय? ‘कुरसुरा’ने ३१ वर्षे पहारा दिला. तिच्या पोटातील टॉर्पेडो शत्रूच्या जहाजावर सुटले नाहीत, यात तिचा कमीपणा नाही. तलवारींचे नांगर होण्याचे यशया प्रवक्त्याचे स्वप्न अजून दूर आहे. तोवर तलवार म्यानातच राहिली, तर त्याचेही आभार मानावेत.

निघण्यापूर्वी आम्ही ‘खुकरी’च्या खलाशांसाठी प्रार्थना केली. त्यानंतर मी ‘गाझी’चे नाव घेतले. दोघातिघांनी चमकून वर पाहिले. शत्रूच्या मृतांसाठी प्रार्थना केल्याने आपल्या हुतात्म्यांचा अवमान होतो, असे त्यांना वाटले असावे. शत्रूवर प्रीती करण्याची प्रभूची आज्ञा आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या शत्रूला नाव असते, बोट असते आणि तिचा सांगाडा समोरच्या पाण्यात असतो, तेव्हा ओठ अडखळतात. माझेही अडखळले. तथापि, ज्यांच्या आया आपल्या आयांसारख्याच वाट पाहत राहिल्या, त्यांना परमेश्वराच्या हाती सोपवताना आपल्या वीरांचे काय उणे होणार?

बस सुटली तेव्हा तो नववीतला मुलगा खिडकीशी बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने मला विचारले, “फादर, हिच्यातले सगळे घरी परत आले ना?”

या वेळी त्याने योग्य प्रश्न विचारला होता.