लस, साक्ष आणि पुरावा



बाळाच्या लसीकरणाची तारीख जवळ आली किंवा शाळेतून लशीचे संमतिपत्र घरी आले, की घराघरांत एक चर्चा सुरू होते. "आमच्या शेजारणीच्या नातवाला लस दिली आणि त्याच रात्री त्याला आकडी आली," असे एकजण सांगतो. "ही ऐकीव गोष्ट झाली, हा काही पुरावा नव्हे," असे दुसरा म्हणतो. पहिल्याला वाटते, आपल्याला खोटे पाडले. दुसऱ्याला वाटते, समोरचा अडाणी आहे. मिस्सेनंतर चर्चच्या आवारातही असे वाद आमच्या कानांवर येतात. कोणी कोणती लस घ्यावी हे सांगणे डॉक्टरांचे काम आहे, आमचे नव्हे. मात्र दुसऱ्याच्या अनुभवाला किती वजन द्यायचे, हा विवेकाचा प्रश्न आहे आणि तो आपणा सर्वांचा आहे.

आपल्या उपनगरातलीच एक घटना पाहू. ३० मे २०२१ रोजी कांदिवलीतील एका मोठ्या गृहसंकुलात कोविशिल्ड लशीचे शिबिर भरले. सुमारे ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये भरून लस टोचून घेतली. नंतर लोक एकमेकांशी बोलू लागले. कोणाला ताप नाही, कोणाचे अंग दुखले नाही. मोबाइलवर नेहमीचा संदेशही आला नाही. पुढे मिळालेली प्रमाणपत्रे निरनिराळ्या रुग्णालयांच्या नावांची निघाली आणि त्या रुग्णालयांनी शिबिराशी आपला संबंध नसल्याचे कळवले. पोलिसांत तक्रार झाली, आणि बनावट शिबिरांची मालिकाच उघड झाली. मुंबईत दोन हजारांहून अधिक लोक असे फसवले गेले, हे पुढे उच्च न्यायालयातही सांगण्यात आले.

ही फसवणूक प्रथम कोणाच्या लक्षात आली? साध्या रहिवाशांच्या. "मला ताप आला नाही" एवढ्या एका वाक्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण खरी लस घेऊनही कित्येकांना ताप येत नाही. पण शेकडो जणांत कोणालाच काही होऊ नये, हे विचित्र होते. लोकांनी आपले अनुभव शेजारी शेजारी ठेवले, संशय घेतला आणि मग चौकशी केली. अनुभवातून प्रश्न उभा राहिला. उत्तर चौकशीने दिले.

आता दुसरी घटना. ऑगस्ट २०१८ मध्ये गोवंडीच्या एका महापालिका शाळेतील मुलीचा मृत्यू झाला. शाळेत तिला लोहाची गोळी दिली होती. गोळीमुळेच ती गेली, अशी बातमी वस्तीत पसरली आणि घाबरलेल्या पालकांनी शेकडो मुलांना घाटकोपरच्या राजावाडी व गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयांत नेले. कित्येक मुलांना खरोखरच मळमळत होते, चक्कर येत होती. शवविच्छेदनानंतर मात्र मुलीला क्षयरोग असल्याचे महापालिकेने सांगितले. पालक खोटे बोलत नव्हते. मुलीने गोळी घेतली होती हे खरे, तिचा मृत्यूही खरा. खोटा होता तो दोहोंना जोडणारा 'म्हणून'.

आपल्याकडे यालाच काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला दोष देतो. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकवताना हाच दोष लॅटिन नावाने शिकवतात: एखादी गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, एवढ्यावरून ती तिच्यामुळे घडली असे ठरत नाही.

समजा, येत्या रविवारी आपल्या धर्मग्रामातील प्रत्येकाने एखादी लस घेतली. पुढच्या आठवड्यात कोणाला ताप येईल, कोणाचा रक्तदाब वाढेल, एखाद्या वृद्धाला हृदयविकाराचा झटकाही येईल. लस घेतली नसती तरी असा आठवडा गेलाच असता. पण आता प्रत्येक दुखणे 'लस घेतल्यानंतर' झालेले असेल. म्हणून चार गोष्टी मोजाव्या लागतात: लस घेऊन आजारी पडलेले, लस घेऊन ठणठणीत राहिलेले, लस न घेता आजारी पडलेले आणि लस न घेता ठणठणीत राहिलेले. शेजारणीच्या नातवाची गोष्ट यांतला पहिलाच रकाना भरते. बाकीचे तीन रिकामे असताना आपण बेरीज करू शकत नाही.

पण म्हणून ती गोष्ट फेकून द्यायची का? मुळीच नाही. आई आपल्या बाळाला काय झाले याची साक्षीदार आहे. किती वाजता ताप चढला, आकडी किती वेळ टिकली, हे तिच्याइतके कोणी जाणत नाही. ती घटनेची साक्षीदार आहे, कारणाची नव्हे. कारण हे डोळ्यांना दिसत नाही, ते शोधावे लागते. तिची साक्ष नाकारणारा डॉक्टर चुकतो, आणि तिच्या साक्षीलाच निकाल मानणारा शेजारीही चुकतो.

दानिएलच्या ग्रंथातील सुझान्नाची कथा आपल्या परिचयाची आहे. दोन वडीलधाऱ्यांच्या साक्षीवर लोक तिला ठार मारायला निघाले होते. दानिएलने साक्ष ऐकायचे नाकारले नाही. त्याने दोघांना वेगवेगळे करून विचारले, कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि निरपराध स्त्रीचा जीव वाचला. साक्षीचा मान राखायचा तर तिला नेमका प्रश्न विचारावा लागतो.

मुंबईच्या प्लेगच्या लशीची कथाही अशीच आहे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी ती लस येथेच तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावात १०७ जणांना ही लस दिली गेली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे मृत्यू ऐकीव नव्हते. १९ घरांत रडारड होती. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. पण सगळे १९ जण एकाच बाटलीतून लस दिलेले होते. इतर बाटल्यांतून लस दिलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नव्हता. ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, असे पुढे आले. डॉ. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरल्यावर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. 'लशीने माणसे मेली' आणि 'लस सुरक्षित आहे, गप्प बसा' या दोन्ही वाक्यांपेक्षा 'कोणती बाटली?' हा प्रश्न सत्याच्या अधिक जवळ नेणारा होता.

कधी थोड्याच घटना फार मोठ्याने बोलतात, हेही सांगायला हवे. मार्च २०२१ मध्ये युरोपातील डॉक्टरांना ॲस्ट्राझेनेकाची लस घेतलेल्या काही निरोगी, तरुण माणसांत रक्ताच्या गाठी आणि त्याच वेळी कमी झालेल्या प्लेटलेट असे दुर्मीळ चित्र दिसले. एरवी क्वचितच दिसणारी गोष्ट लागोपाठ दिसली, म्हणून मोजके रुग्णही महत्त्वाचे ठरले. तपासाअंती संबंध खरा निघाला. धोका फार विरळ होता, तरी अनेक देशांनी तरुणांसाठी नियम बदलले. पुण्यात तयार झालेली कोविशिल्ड ही तीच लस होती. त्या पहिल्या रुग्णांच्या नातलगांना 'योगायोग आहे' म्हणून परत पाठवले असते, तर हे कळलेच नसते.

"पण अधिकारीच लपवतात," असे काहीजण म्हणतात. ही शंका नेहमीच निराधार असते असे आम्ही म्हणणार नाही. म्हणूनच २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही सक्तीने लस देता येणार नाही असे सांगतानाच, लशीनंतरच्या त्रासाची नोंद सामान्य माणसालाही करता यावी आणि ती माहिती लोकांपुढे यावी, असे सरकारला सांगितले. ख्रिस्तसभेनेही डिसेंबर २०२० मध्ये लस ऐच्छिक असावी असे म्हटले. त्याचबरोबर आपल्या निर्णयाने दुर्बलांना धोका होऊ नये, याचीही आठवण करून दिली.

ही आठवण महत्त्वाची आहे, कारण भीतीचीही किंमत असते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी परिसरात गोवराची साथ आली आणि लहान मुले दगावली. आजारी मुलांत लस न मिळालेली पुष्कळ होती. हे २०१८ च्या अफवेमुळे झाले असे आम्ही म्हणणार नाही, नाहीतर आम्हीही कावळ्यालाच दोष देऊ. कोविडच्या काळात लसीकरण मागे पडले होते, आणखीही कारणे होती. पण लस चुकलेल्या बाळाची गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरत नाही, हे ध्यानात ठेवू या.

मग आपण काय करावे? त्रास झाला असेल तर लशीचे नाव, तारीख, वेळ आणि लक्षणे लिहून ठेवावीत आणि दवाखान्यात त्याची नोंद करायला लावावी. तो आपला हक्क आहे, आणि पुढच्या बाळाप्रती कर्तव्यही. सांगताना जे पाहिले तेवढेच सांगावे. ऐकणाऱ्याने हसू नये. विचारावे, केव्हा, किती वेळ, डॉक्टर काय म्हणाले? आणि ज्या घटनेचे आपण साक्षीदार नाही, ती पुढे पाठवण्यापूर्वी आठवी आज्ञा आठवावी. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, हे आपण लहानपणी पाठ केले आहे. जे आपल्याला ठाऊकच नाही ते ठामपणे सांगणे, ही त्याच वाटेवरची पहिली पायरी आहे.

— आपले धर्मगुरू